मैदानाला कुलूप

खेळ म्हटला म्हणजे दोन गोष्टी अवश्य लागतात: बरोबरीचे गडी आणि मोकळें मैदान. बॅट आपली, चेंडू आपला, स्टंपहि आपले, पण मैदान मात्र दुसऱ्याचें, अशी स्थिति आपल्यापैकीं पुष्कळांनीं अनुभविली असेल. मालकाची मर्जी आहे तोंवर खेळ. एके दिवशीं तो फाटकास कुलूप लावतो आणि बॅट घराच्या कोपऱ्यांत धूळ खात पडते. अशा वेळीं मुलें हातपाय गाळून बसत नाहींत. गल्लीच्या टोकाला एखादी पडीक जागा शोधतात, दगडगोटे वेंचतात, आणि आठ दिवसांत डाव पुन्हां रंगतो. ह्यांत त्या मुलांनीं कोणाचा अपराध केला, असें कोणी म्हणणार नाहीं.

टीव्हीला जोडावयाच्या जुन्या खेळयंत्रांविषयीं, ज्यांस आजकाल कन्सोल म्हणतात, नेमका असाच प्रश्न परदेशांत वादाचा झाला आहे. माझें मत कोणत्या बाजूस आहे हें मी लपवूं इच्छीत नाहीं. मालकानें कुलूप लावल्यावर ज्यांनीं स्वतःच्या कष्टानें दुसरें मैदान तयार केलें, त्यांस चोर म्हणणें अन्यायाचें आहे. परंतु हा प्रकार काय आहे तो आधीं थोडा विस्तारानें सांगणें भाग आहे. कारण वडील मंडळींस तो नवखा वाटेल, आणि मुलांस तो ठाऊक असला तरी त्यांनीं त्याचा विचार केलेला असेलच असें नाहीं.

ज्या पालकांचें बालपण १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत गेलें, त्यांस घरच्या किंवा शेजारच्या 'टीव्ही गेम'ची आठवण असेल. आपण जिला 'कॅसेट' म्हणत असूं ती यंत्रांत खुपसली कीं खेळ सुरू. ती कॅसेट आज माळ्यावर सांपडली आणि यंत्र धड असलें, तर खेळ आजहि सुरू होईल; कारण त्याला लागणारें सर्व कांहीं त्या कॅसेटींतच होतें. पुढें हीं यंत्रें टेलिफोनच्या तारेला, व नंतर इंटरनेटला जोडलीं गेलीं. गडी आतां दुसऱ्या शहरांत, दुसऱ्या देशांत; आणि त्यांची गांठ घालून देणारा एक मध्यस्थ संगणक कंपनीच्या घरीं. त्यालाच सर्व्हर म्हणतात. खेळ विकत घेतला गिऱ्हाइकानें, पण मध्यस्थ राहिला कंपनीच्या ताब्यांत. तो बंद झाला कीं यंत्र जसेंच्या तसें, तबकडी जशीच्या तशी, आणि खेळाचा अर्धा भाग, क्वचित् सगळाच, नाहींसा!

हें आजकालचेंच आहे असें नाहीं. अमेरिकेंत १९९४ सालीं एक्सबँड नांवाचा मोडेम निघाला होता. सेगा कंपनीच्या जेनेसिस यंत्रावर तो बसवून मुलें टेलिफोनवरून परगांवच्या मुलांशीं खेळत. १९९७ सालीं ती सेवा बंद झाली. सेगाचेंच ड्रीमकास्ट हें यंत्र १९९८ च्या नोव्हेंबरांत जपानांत विक्रीस आलें; त्याचा मोडेम त्याच्या अंगचाच होता. त्यावरील 'फॅन्टसी स्टार ऑनलाइन' ह्या डिसेंबर २००० मधल्या खेळांत चार गडी मिळून मोहिमेवर निघत. त्यांत एक सोय अशी होती कीं तयार शब्दांतून वाक्य निवडलें म्हणजे तें समोरच्याच्या भाषेंत उमटे. जपानी मुलगा आणि फ्रेंच मुलगा एकमेकांची भाषा न जाणतां एकाच तंबूंत बसल्यासारखे बोलत! पण सेगानें जानेवारी २००१ मध्यें हें यंत्र बंद करण्याचें जाहीर केलें, आणि पुढें त्याचे सर्व्हरहि एकामागून एक विझले.

सर्वांत हृदयस्पर्शी हकीकत मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सची आहे. त्याची इंटरनेट सेवा १५ नोव्हेंबर २००२ रोजीं सुरू झाली आणि १५ एप्रिल २०१० रोजीं बंद करण्यांत आली. 'हेलो २' नांवाचा खेळ तोंवर अनेकांच्या तरुणपणाचा भाग होऊन बसला होता. बंद होण्याच्या वेळीं जे खेळाडू आधींच आंत होते, त्यांस लगेच बाहेर काढलें गेलें नाहीं. नवा मनुष्य आंत येऊं शकत नव्हता. आंतला एकदां बाहेर पडला कीं कायमचा पडला. तेव्हां कांहीं खेळाडूंनीं यंत्रें बंदच केलीं नाहींत. रात्रंदिवस तीं चालू. कोणाचें यंत्र तापून बंद पडे, कोणाची इंटरनेटची जोडणी तुटे, आणि मंडळींतून एकेक जण गळे. शेवटचा खेळाडू मे महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास बाहेर पडला. म्हणजे मालकानें दिवे मालवल्यावरहि जवळजवळ चार आठवडे हीं माणसें अंधारांत मैदान धरून बसलीं होतीं! ह्यास कोणी वेडेपणा म्हणेल. मला त्यांत एखाद्या जुन्या वाड्यांतून शेवटीं निघणाऱ्या बिऱ्हाडाची आठवण होते.

निन्टेन्डो कंपनीची गोष्ट वेगळी आहे, आणि ती समजून घेणें अवश्य आहे, कारण तींत कंपनीची अडचणहि दिसते. नोव्हेंबर २००५ मध्यें तिनें सुरू केलेली वाय-फाय सेवा खेळाडूंस फुकट होती. तिचा आधार मात्र गेमस्पाय नांवाच्या दुसऱ्याच संस्थेचें तंत्र होता. २०१४ सालीं ती संस्थाच आपलें दुकान आंवरूं लागली. तिच्यावर विसंबलेल्या अनेक कंपन्यांच्या खेळांवर गदा आली, आणि निन्टेन्डोनें २० मे २०१४ रोजीं आपली ती सेवा बंद केली. तीन कोटी सत्तर लाखांहून अधिक प्रति खपलेला 'मारिओ कार्ट वी' हा मोटारशर्यतीचा खेळ त्यांत सांपडला. गिऱ्हाइकानें एकावर विश्वास ठेवावा, त्यानें दुसऱ्यावर, आणि तिसऱ्यानेंच दोरी कापावी, असा हा प्रकार झाला.

पण फाटकास कुलूप लागण्यापूर्वींच कांहीं हौशी लोक कामास लागले होते. बंद होण्याची सूचना फेब्रुवारींतच मिळाली होती. मे महिन्यांत जुनी सेवा थांबते न थांबते तोंच 'विम्फी' नांवाची नवी सेवा उभी राहिली, आणि दहा वर्षें उलटून गेलीं तरी ती चालू आहे. पहिल्या एक्सबॉक्ससाठीं 'इन्सिग्निया' ही अशीच सेवा नोव्हेंबर २०२२ मध्यें सुरू झाली. निन्टेन्डोच्याच थ्रीडीएस व वी यू ह्या यंत्रांची सेवा ८ एप्रिल २०२४ रोजीं बंद झाली, त्यांच्यासाठीं 'प्रिटेन्डो' नांवाचा प्रकल्प आहे. ह्या नांवांतला खट्याळपणा विद्यार्थ्यांच्या लक्षांत आलाच असेल.

हें काम होतें तरी कसें? यंत्र चालू झालें कीं तें एका नांवानें सर्व्हरचा पत्ता विचारतें. हा पत्ता सांगणारी एक निर्देशिका इंटरनेटवर असते. जणूं टेलिफोनची डिरेक्टरीच. यंत्राच्या सेटिंगांत ही डिरेक्टरी बदलतां आली, कीं तेंच नांव विचारल्यावर यंत्र दुसऱ्याच घरीं जाऊन पोंचतें. कांहीं यंत्रांवर एवढें पुरतें. कांहींत खेळाच्या प्रतींत किंवा यंत्रांत फेरफार करावा लागतो. पण दाराशीं पोंचणें सोपें. दार उघडणाऱ्यानें ओळखीचें बोलणें हें कठीण. यंत्र काय विचारतें, सर्व्हर काय उत्तर देतो, कोणत्या क्रमानें, कोणत्या खुणेनें, हें कंपनीनें कोठेंहि लिहून ठेवलेलें नसतें. सर्व्हर जिवंत असेल तर दोघांमधला संवाद टिपून घेतां येतो. प्रिटेन्डोच्या मंडळींनीं सेवा बंद होण्यापूर्वीं ठिकठिकाणच्या खेळाडूंस असेच संवाद टिपून पाठविण्याची विनंती केली होती.

सर्व्हर एकदां मेला म्हणजे मात्र मोठी पंचाईत. टेलिफोनवर बोलणारा एकच मनुष्य आपल्यासमोर बसला आहे, "हो", "नाहीं", "किती वाजतां?", "बरें, येतों", एवढेंच आपणांस ऐकूं येतें, आणि त्यावरून पलीकडचा काय म्हणाला हें ताडावयाचें आहे, अशी कल्पना करा. ताडलेलें उत्तर चुकलें तर यंत्र संभाषण तोडून मोकळें होतें. मग पुन्हां पहिल्यापासून आरंभ. कोणी नोकरी संभाळून, कोणी परीक्षा संभाळून, महिनेच्या महिने हें करीत राहातो, आणि शेवटीं एके रात्रीं पडद्यावर दुसऱ्या गड्याचें नांव उमटतें. गणिताचें एक उदाहरण दोनदां चुकलें कीं वही मिटणाऱ्या आमच्या बालमित्रांनीं ह्याचा विचार करावा, असें लिहिण्याचा मोह होतो. पण तो मी आंवरतों.

ड्रीमकास्टची युक्ति मला विशेष आवडते. ह्या यंत्राला टेलिफोनची तार हवी. तारेंत 'डायल टोन' ऐकूं यावयास हवा. मग तें क्रमांक फिरवील, आणि पलीकडच्या मोडेमनें उत्तर दिलें तरच पुढें सरकेल. विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं आपल्या देशांत इंटरनेट लोकांस खुलें केल्यानंतरचीं पहिलीं वर्षें ज्यांनीं पाहिलीं, त्यांच्या कानांत मोडेमची ती किंचाळी अजून असेल, आणि "टेलिफोन किती वेळ अडवून ठेवला आहेस!" हें घरच्यांचें ओरडणेंहि. आज अनेक घरांत अशी तारच उरलेली नाहीं. तेव्हां एका हौशी प्रोग्रॅमरनें असें केलें: रास्पबेरी पाय नांवाचा, तळहातावर मावणारा स्वस्त संगणक घेतला, त्याला एक मोडेम जोडला, आणि यंत्राची तार त्या मोडेमांत खुपसली. चिमुकला संगणक खोटा 'डायल टोन' वाजवितो, क्रमांक फिरल्याचें ऐकतो, आणि आपणच उत्तर देतो. यंत्र समजतें, आपला टेलिफोन लागला. आणि तो संगणक त्याला घरच्या इंटरनेटवर नेऊन सोडतो. ह्या युक्तीचें नांव ड्रीमपाय. त्यापुढें प्रत्येक खेळाचा सर्व्हर निरनिराळ्या लोकांनीं नव्यानें लिहून काढला आहे, फॅन्टसी स्टारचाहि.

आतां वादाकडे वळूं. कंपन्यांच्या बाजूनें पहिला आक्षेप असा कीं खेळ आमचा, त्याचें स्वामित्व आमचें, तेव्हां तो कोठें आणि कसा खेळला जावा हें ठरविण्याचा अधिकारहि आमचा. हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. ज्याच्या बुद्धीनें वस्तु निर्माण झाली त्याचा मोबदला बुडविणें ही चोरीच होय. मग ती पुस्तकाची असो वा खेळाची. म्हणूनच २००५ सालीं अमेरिकेंतील एका वरिष्ठ न्यायालयानें ब्लिझार्ड कंपनीच्या बाजूनें दिलेला निकाल मला सर्वस्वीं चुकीचा वाटत नाहीं. तेथें हौशी मंडळींनीं 'बॅटल डॉट नेट' ह्या सेवेची प्रतिकृति केली होती. परंतु मूळ सेवा तेव्हां चालू होती, आणि खेळाची प्रत अस्सल आहे कीं चोरीची हें ओळखण्याची सोय त्या प्रतिकृतींत नव्हती. चालत्या दुकानासमोर तशाच पाटीचें दुसरें दुकान थाटणें निराळें. पण मालकानें दुकान बंद केलें, माल विकणें सोडलें, फळ्या लावून तो गांव सोडून गेला; त्यानंतर त्याच्याच जुन्या गिऱ्हाइकांनीं आपल्या घरच्या वस्तूची दुरुस्ती केली, तर त्यानें कोणाचें काय नेलें? घड्याळ बंद पडल्यावर तें दुरुस्त करण्यास आपण कारखानदाराची परवानगी मागत नाहीं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सर्व्हर फुकट चालत नाहीं. दहा-वीस खेळाडूंसाठीं तो जन्मभर चालवावा, असें कोण म्हणेल? मीहि म्हणत नाहीं, आणि युरोपांत ह्या प्रश्नावर चळवळ करणारेहि तसें म्हणत नाहींत. युबीसॉफ्ट कंपनीनें २०१४ सालचा 'द क्रू' हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजीं पूर्णपणें बंद केला. एकट्यानें खेळावयाचें म्हटलें तरी तो उघडेना. त्यावरून रॉस स्कॉट ह्यांनीं एक चळवळ उभी केली, आणि युरोपीय संघाकडे करावयाच्या नागरिकांच्या मागणीवर २०२५ च्या जुलैअखेर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्यांचें मागणें एवढेंच, कीं जातांना खेळ चालण्याजोगा ठेवून जा.

कायद्याची स्थिति देशोदेशीं भिन्न आहे. अमेरिकेंत २०१५ सालीं अशी सूट मिळाली कीं ओळख पटविणारा सर्व्हर बंद पडल्यामुळें अडलेला खेळ, एकट्यानें खेळण्यापुरता, कुलूप तोडून चालू करावा. पण अनेकांनीं मिळून खेळणें तींतून वगळलें. २०१८ सालीं ग्रंथालयें व संग्रहालयें ह्यांस थोडी अधिक मोकळीक मिळाली, तीहि त्यांच्या आवारापुरती. आपल्या देशाचा १९५७ चा कॉपीराइट कायदा मात्र ह्या बाबतींत वाचण्याजोगा आहे. त्याचें कलम ६५अ, जें २०१२ सालीं घालण्यांत आलें, कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगतें; पण केव्हां? स्वामित्वाचा भंग करण्याच्या हेतूनें तोडलें तर. आणि कलम ५२ मध्यें अशी तरतूद आहे कीं प्रोग्रॅम ज्याच्याजवळ कायदेशीर रीतीनें आहे, त्यानें स्वतंत्रपणें केलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशीं जुळवून चालविण्यास अवश्य ती माहिती, दुसरीकडे सहज मिळत नसल्यास, काढून घ्यावी. हेतु पाहून अपराध ठरवावा हें तत्त्व मला न्यायाचें वाटतें, आणि इतर देशांनीं तें उचलावें. ह्याचा अर्थ मुलांनीं घरचें यंत्र उघडून बसावें असा नव्हे. वडिलांस विचारल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातीं धरूं नये, आणि खेळाची चोरटी प्रत तर घरांत आणूंच नये. तिच्यामुळें ह्या सर्व सच्च्या लोकांची बाजू लंगडी पडते.

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर विचारांत पाडतो. कंपनीच्या मैदानावर निदान एक राखणदार असतो. शिवीगाळ करणाऱ्यास, मुलांस फसविणाऱ्यास तो बाहेर काढूं शकतो. हौशी लोकांच्या मैदानावर कोण राखणदार? कांहीं ठिकाणीं असे लोक आहेत व ते नेटानें काम करतात; पण ते स्वयंसेवक, आणि त्यांची नेमणूक कोणी केलेली नाहीं. ह्यावर माझ्याजवळ तयार उत्तर नाहीं. लहान मुलानें अनोळखी माणसांशीं खेळतांना घरच्या कोणीतरी शेजारीं बसावें, एवढेंच मी सुचवीन. आणि खरें पाहतां कंपनीच्या मैदानावरहि तें बसणें अवश्यच होतें.

कंपन्यांनीं करावयाचें तें फार अवघड नाहीं. खेळ विकतांनाच वेष्टनावर लिहावें, कीं ही सेवा अमुक वर्षें तरी चालेल. कॅलिफोर्नियांत १ जानेवारी २०२५ पासून एवढें तरी झालें आहे, कीं इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंची मालकी मिळत नसून केवळ वापराची परवानगी मिळते, हें गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावें लागतें. बंद करण्यापूर्वीं सूचना द्यावी, आणि ती भरपूर अवधीची असावी. थ्रीडीएस व वी यू ह्यांच्या बाबतींत सहा महिने मिळाले, त्यामुळेंच इतका संवाद टिपून ठेवतां आला. अवधि नसता तर त्यांचीहि गत एका कानानें ऐकलेल्या टेलिफोनसारखी झाली असती. आणि जातांना एक कागद ठेवून जावा: यंत्र काय विचारतें, उत्तर काय द्यावें. आपला सर्व्हरचा प्रोग्रॅम देऊं नका. तो गेमस्पायसारख्या दुसऱ्याचा असेल तर देतांहि येणार नाहीं. पण बोलण्याची रीत लिहून ठेवण्यास कोणाची आडकाठी? संमति देणाऱ्याचें नुकसान होत नाहीं, ह्याचा दाखलाहि आहे, जरी तो संगणकावरील खेळाचा आहे. एनसीसॉफ्ट कंपनीनें २०१२ च्या नोव्हेंबरांत 'सिटी ऑफ हीरोज' बंद केला; पुढें चाहत्यांनीं तो आपल्या सर्व्हरवर चालविला; आणि जानेवारी २०२४ मध्यें कंपनीनें त्यांस रीतसर परवाना दिला.

कोणी विचारील, पोरखेळासाठीं एवढा खटाटोप कशाला? अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन ह्या संस्थेनें २०२३ सालीं पाहणी केली, तींत असें आढळलें कीं त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ आज बाजारांत विकत मिळत नाहींत. त्यांपैकीं पुष्कळ खेळ तसे टाकाऊ असतील, हें मी मान्य करतों. जुन्या नाटकांतहि टाकाऊ नाटकें होतींच. पण नाटकाची संहिता निदान कपाटांत राहाते. सर्व्हरवर चालणाऱ्या खेळाची संहिता माणसांच्या संगतींत असते, आणि ती संगत मोडली कीं वाचावयास कांहींच उरत नाहीं.

आमच्या विज्ञानप्रदर्शनांत दरवर्षीं ज्वालामुखी आणि पवनचक्की येतात. येत्या वर्षीं नववी-दहावीच्या कोणी दोघांनीं एखादें जुनें यंत्र मिळवून त्याचा टेलिफोन लावून दाखविला, तर मी अवश्य पाहावयास येईन. माझ्या घरीं माळ्यावर एक जुना मोडेम पडून आहे. तो ह्या कामीं चालेल कीं नाहीं हें मला सांगतां येत नाहीं. तें त्यांनींच पाहावें. ज्यांस हवा असेल त्यांनीं रविवारीं सकाळीं येऊन घेऊन जावा.